जावयाची यादी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे शेंगा फोडल्या. बियाण्याच्या. वैशाखातली दुपार, सोप्यात पोतं अंथरलेलं, एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. ती दोन बोटांत धरून टचकन फोडायची. माझ्या बोटांत आता जोर नाही, मी दातानं.

"आवं, बियाणं हाय त्ये. उष्टं करू नगा."

"उगवायचं त्ये उगवतंय."

"तुमच्या आटपाडीला उगवलं व्हय कवा काय?" म्हणाली आणि हसली.

सूप भरलं. तिनं पाखडलं, मी टरफलं गोळा करून चुलीपाशी टाकली. एवढंच. तिसऱ्या दिवशी ती गेली. सरू तिचं नाव. माझी बायको.

लोक येतात, म्हणतात, आता एकट्याचा वेळ कसा जात असेल. वेळ जातो. वेळेला काय धाड भरलीय? भाकरी गिळत नाही ते वेगळं. बसायला आलेल्यांत आमच्या शाळेचे गुरुजीही होते. ते दर दिवाळीला तालुक्याचा अंक काढतात. म्हणाले, "बाबा, पुराचं लिहा. त्या यादीचं लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. म्हणालो, ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही बघा, बोलणं माझं ठेवा. आणि त्या यादीचं लिहायचं राहिलंच होतं. ती होती तोवर हात धजला नाही.

मी ग्रामपंचायतीचा शिपाई होतो. दिवे लावायचे, दवंडी द्यायची, घरपट्टीचे कागद वाटायचे, साहेब आला की खुर्ची पुसायची. पण तालुक्यात मला ओळखतात ते पुराच्या यादीपायी. नदीकाठच्या गावांतनं पुढं कित्येक वर्षं तशीच यादी करायचे आणि तिला 'जावयाची यादी'च म्हणायचे. जावई म्हणजे मी.

त्याचं असं. मी मूळचा आटपाडीकडचा. मेंढरं राखणाऱ्याचं घर. आमच्याकडं पावसाळा म्हणजे आभाळाकडं तोंड करून बसायचे महिने. लग्न झालं ते मात्र कृष्णाकाठच्या पोरीशी. दुष्काळात मेंढरं मेली, सासऱ्याला मुलगा नव्हता, मी इकडंच आलो. घरजावई. सरू गावची लेक, म्हणून मी साऱ्या गावाचा जावई. माझं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर. सरपंच अण्णा मला जावई म्हणायचे आणि शेंबडं पोरगंही जावईच म्हणायचं.

तेव्हा आमचा जिल्हा नुकताच दक्षिण साताऱ्याचा सांगली झाला होता. कागदावर नाव बदललं, पाणी तेच. वर साताऱ्याकडं धो धो पडलं की दुसऱ्या दिवशी आमच्या घाटाला कळायचं. पंचायत समित्याही नव्या नव्या होत्या, साहेब लोक हुरूपात होते. तालुक्याहून कागद आला की नदीकाठच्या प्रत्येक गावानं पुराची तयारी पावसाळ्याआधी करून ठेवायची. सखल भागातल्या घरांची यादी, पाण्यात घालायची नाव, दोरखंड, कंदील, माणसं कुठं न्यायची, कोणाला आधी काढायचं, सगळं लिहून. आमचे ग्रामसेवक, त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, त्यांनी तो कागद माझ्यापुढं टाकला.

"जावई, हे तुझ्याकडं."

"मला पवता येत न्हाई, भाऊसाहेब."

"पोहायचं नाही रे, लिहायचंय."

ज्यानं उभ्या जन्मात नुसती ढेकळं बघितली, त्याच्याकडं पुराचं काम. सरूला सांगितलं तर ती पोट धरून हसली. पण लागली शिकवायला.

बाहेरच्या माणसाला वाटतं पूर समोरनं येतो, नदीकडनं. तसं नसतंय. नदी घाटाच्या पायऱ्या सावकाश चढत असते, सारा गाव तिकडं बघत उभा असतो, आणि पाणी मागनं येतं, ओढ्यानं. नदी फुगली की ओढ्याचं पाणी पोटात घेत नाही, उलट आपलंच त्याच्यात ढकलते. म्हणून आधी ओढ्याकाठची घरं काढायची, मग घाटावरची. हे मला सरूनं सांगितलं. मी भाऊसाहेबांना सांगितलं. त्यांनी तालुक्याच्या मोठ्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, वा भाऊसाहेब!

घाटाच्या पायऱ्यांवर मी तांबड्या रंगानं आकडे काढले. सातव्या पायरीला पाणी लागलं की तालुक्याला निरोप, अकराव्याला दवंडी, तेराव्याच्या आत ओढ्याकाठ रिकामा. इथवर झकास.

मग यादी करायला घरोघर फिरलो. तिथं घोटाळा. जावई दारात आला की बाया पदर ओढून आत. घरात पुरुष असला तर तो सांगायचा. नसला तर दाराआडनं नुसता आवाज, "त्ये रानात गेल्याती." नाव काय त्यांचं? गप्प. नवऱ्याचं नाव बाई घेणार कशी? आणि जावयासमोर जास्त बोलणार कशी? मग शेजारच्या ओट्यावरचं कोणीतरी ओरडून नाव सांगायचं, मी लिहायचो. घराला नाव पुरुषाचं, पुढं माणसांचा आकडा. तो आकडाही शेजाऱ्यानंच सांगितलेला. त्या आकड्यात कोण कोण, ते नाही. घरात पाऊल म्हणून टाकलं नाही.

सरू भाकऱ्या थापत होती. मी वही वाचून दाखवली.

"ही कसली यादी?" ती म्हणाली. "चुली मोजा की. कुठल्या चुलीपाशी कोण कोण जेवतंय त्ये लिवा. माहेराला आल्याली लेक असती, शाळंला ठेवल्यालं भाचं असतंय. त्येंनी काय वाऱ्यावर जायाचं?"

"सरकारी कागदाला चुलीचा रकाना न्हाई," मी म्हणालो.

लय शहाणा मी.

मृगाच्या आधी साहेबांनी गावाकडनं तालीम करून घेतली. ओढा कोरडा ठणठणीत. त्यात नाव ठेवली, माणसं बसवली, नावाडी तुकाराम काठी हातात घेऊन उभा. घाटावरचे तात्या, गावातलं सगळ्यांत म्हातारं आणि हट्टी माणूस, ते उन्हात बसून वैतागले. "जावई, नाव हाकल की रं! करपायला लागलोय." बायांनी जत्रेला निघाल्यागत धपाटी बांधून आणलेली. शेवटी शाळेत मी एकेक नाव पुकारलं, सगळे हजर. साहेबांनी पाठ थोपटली. कोरड्या ओढ्यात एकही माणूस बुडालं नाही.

आणि त्याच श्रावणात नदी खरोखरच चढून आली!

तीन दिवस आभाळ फुटल्यागत पडत होतं. सकाळी सातवी पायरी. मी निरोप धाडला. न्याहारीच्या वेळी नववी. घटकाभरानं बघतो तर अकरावी गेलेली. असली चढण मी कधी बघितली नव्हती. रॉकेलचा रिकामा डबा गळ्यात अडकवला आणि बडवत सुटलो. "ओढ्याकाठ रिकामा करा हो! शाळंकडं चला हो!" पायात चिखल, अंगावर पोतं, पण खरं सांगतो, अंगात वारं भरलं होतं. मी सांगतोय आणि गाव हलतोय! गावानं आधी कधी जावयाचं ऐकलं होतं?

तुकारामानं नावेच्या फेऱ्या सुरू केल्या. तालमीत कुस्ती खेळणारे दोन गडी, बापू आणि शिवा, पाठीवर म्हातारी माणसं आणत होते. तात्या काही हलेनात. बाजेखाली विटा रचून वर बसलेले. म्हणाले, "पाणी बाजंला लागलं की येतो. माझा बा बी असंच करायचा." बापू-शिवानं तात्याला बाजेसकट उचललं. शाळेत तात्या बाजेवर बसूनच आले, वरातीतल्या नवरदेवागत, शिव्या देत.

शाळा माळाच्या बरीच अलीकडं, उंचवट्यावर. तिथं मी वही काढली आणि पुकारा चालू केला. एकेका नावावर खूण. रामाचं नाव आलं. रामाचं घर ओढ्याच्या अगदी तोंडाशी.

"रामा?"

"रामा जनावरं घिऊन माळावर गेलाय," कोणीतरी म्हणालं.

"आन् घरची?"

"आसंल की त्येच्यासंगटच."

यादीत रामापुढं आकडा दोन. नवरा आणि बायको. मी खूण केली.

तेवढ्यात खालच्या वाडीचा माणूस आला, त्यांच्याकडं माणसं अडकलीत, नाव पाहिजे. बरोबर तालुक्याचा कारकून. त्यानं विचारलं, "तुमची सगळी निघाली का?"

"एकूण एक. न्या नाव," मी म्हणालो. यादीखाली सही केली, वही त्याच्या हातात दिली. नाव गेली. माझी छाती अशी फुगली होती म्हणता!

शाळेच्या पडवीत तीन दगडांच्या चुली मांडून बाया भाकऱ्या थापत होत्या. सरू पिठाच्या हातानं तशीच आली.

"गोदावैनी कुटं हाय?" गोदावैनी म्हणजे रामाची बायको.

"माळावर. रामासंगट."

"मग शांती?"

"कोण शांती?"

"आवं, रामाची लेक! बाळंतपणाला आलीया न्हवं का! आज पाचवी हाय तिची."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याच्या कपाळी नशीब लिहिते, असं आमच्याकडं मानतात. तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. ती पूजा होईस्तोवर बाळंतिणीला खोलीबाहेर काढत नाहीत आणि परका पुरुष त्या दाराला हात लावत नाही.

"सकाळी गोदावैनी कागद मागाय आलीती," सरू म्हणाली. "तुमच्याच वहीतलं कोरं पान मी फाडून दिलं. आन् ती लेकीची पाचवी टाकून जनावरांमागं माळावर जाईल? तुमास्नी काय कळतंय का न्हाई?"

मी त्या दारावरनं डबा बडवत गेलो होतो. दार लावलेलं होतं. आतनं कोणी बोललं नाही. मला वाटलं, घर रिकामं.

पळालो. सगळेच पळाले. ओढ्यावरनं बघितलं तर रामाचं घर पाण्यात उभं. मधी पन्नास हात लाल पाणी, झाडाझुडपांसकट धावणारं. आणि नाव मी घालवलेली.

"काहील!" सरू ओरडली. "अण्णांच्या गुऱ्हाळातली काहील आणा!"

काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. दोन-तीन माणसं आत बसतील एवढी. गुऱ्हाळ तिथनं जवळच, काहील छपरात पालथी घातलेली. सरपंच अण्णा म्हणाले, "बुडाली तर हंगामाला रस कशात आटवू? जावयाच्या टोपीत?" असं म्हणत पहिला खांदा त्यांनीच लावला. आठ गड्यांनी ती आणून पाण्यात सोडली. मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, तिच्या कड्याला बांधला, दुसरं टोक चिंचेच्या बुंध्याला वेढा देऊन माझ्या हातात.

बापू काहिलीत पाय टाकायला लागला. सरू म्हणाली, "तू आत जाऊन काय करणार रं? बाळंतिणीचं दार तुला उघडंल व्हय गोदावैनी? तुमी दोघं पवा आन् ढकला." आणि कासोटा घालून आत जाऊन बसलीसुद्धा.

"अगं..." मी म्हणालो.

"काय अगं? मी हितलीच हाय. तुमी आटपाडीचं. नाडा धरा गपगुमान."

काहिलीला तोंड नाही, शेपूट नाही. पाण्यात पडल्याबरोबर गरगर फिरायला लागली. मधी सरू उकिडवी बसलेली, कडेला बापू आणि शिवाची डोकी, कधी दिसायची कधी नाही. नाडा माझ्या तळव्यांतनं सळसळत निघाला, कातडं सोलत. मी एका बाजूला सरूकडं बघतोय, एका बाजूला वरनं येणाऱ्या ओंडक्यांकडं. "डाव्या अंगाला!" तात्या मागनं ओरडत होते, बाज सोडून आले होते. "पैलवान, डाव्या अंगाला! काय खाल्लंया का न्हाई सकाळी?"

पोचले! शिवानं खिडकीचा गज धरला. सरू काहिलीतनं उतरली, छातीइतक्या पाण्यातनं दारापाशी गेली आणि थापा मारायला लागली. आतनं गोदावैनीचा आवाज आला, इतक्या लांब आम्हाला ऐकू येईल असा.

"पाचवी झाल्याबिगर उंबरा वलांडू देणार न्हाई मी! पाणी दर वरसाला येतंय आन् जातंय!"

"सटवाई शाळंत येईल, गोदावैनी!" सरूनं बोंब ठोकली. "तिला पत्ता मी सांगते! आदी दार उगडा!"

इकडं काठावर माणसं रडता रडता हसली.

दार उघडलं. बाळंतीण आतल्या माचावर, फळ्यांच्या उंच बाजेवर होती, माचाच्या कडेला पाणी लागलं होतं, हे नंतर कळलं. आम्हाला दिसली ती सरू, शांतीला पाठुंगळी घेऊन बाहेर येताना. मागनं गोदावैनी, डोक्यावर पाटी, पाटीत घोंगडीत गुंडाळलेलं बाळ. शांती आणि गोदावैनी बाळाला घेऊन काहिलीत बसल्या, सरू बाहेरनं कड धरून पाण्यात. "आत ये की गं!" मी ओरडत होतो. ती कसली ऐकतेय. काहील आधीच काठापर्यंत दबलेली, आणखी एक माणूस चढलं असतं तर पाणी आत आलं असतं. तिला ते कळत होतं, मला नव्हतं.

आम्ही ओढायला लागलो. अण्णा, भाऊसाहेब, तात्या, गावातलं जे म्हणून उभं होतं ते नाड्याला. तेवढ्यात माळावरनं रामा पळत आला. त्याला वाटत होतं त्याची माणसं नावेनं शाळेत गेली. मला वाटत होतं ती त्याच्याबरोबर माळावर गेली. तो थेट नाड्याला लटकला.

मधोमध एक बाभळ आली, काट्यांसकट. बापूनं पाय लावून ती ढकलली, त्याचा पाय फाटला, काहील अर्धी कलली. गोदावैनीनं पाटी डोक्यावर हातभर उंच धरली. सरू दिसेना. मी मोजत होतो, एक, दोन, तीन, चार... आणि कडेच्या पलीकडनं तिचं डोकं वर आलं. केस सुटलेले, तोंडातनं पाण्याची चूळ टाकली आणि म्हणाली, "वडा की! बघत काय ऱ्हायलायसा?"

ओढलं! काहील चिखलात घसपटत वर आली. बाळ असं काही भोकाड पसरून रडलं की पुराचा आवाज त्यापुढं मऊ वाटला. आम्ही अजून दम घेतोय तोवर पलीकडं धप्पकन आवाज झाला. बघितलं तर रामाच्या घराची मागची भिंत बसली होती. माच जिला लागून होता तीच.

सरू उठली, पदर पिळला. "माजी तव्यातली भाकरी करपली आसंल," म्हणाली आणि शाळेकडं चालायला लागली.

तिन्हीसांजेला शाळेतच पाचवी झाली. कागद भिजून गेला होता. बायांनी फळ्याखाली पूजा मांडली आणि लेखणीच्या जागी खडू ठेवला. सटवाईला सगळा फळा मोकळा. त्या तान्ह्या पोरीचं पुढं काही वाईट झालं नाही, हे इथंच सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरायला लागलं. साहेबांची जीप माळाच्या वाटेनं आली. हातात माझी वही. शाळेच्या पटांगणात सगळा गाव जेवायला बसलेला. अण्णांनी काहिलीची हकिगत सांगितली, अगदी रंगवून, बापूचा फाटलेला पाय दाखवून. सरू काहिलीतनं गेली हेही सांगितलं. साहेब ऐकता ऐकता वही चाळत होते. रामाच्या नावावर बोट ठेवून थांबले.

"इथं तर दोनच माणसं लिहिलीत. ही मुलगी नाही, बाळ नाही. खूणही केलेली आहे. मग कुणी राहिलंय, हे ध्यानात आलं कुणाच्या?"

भाऊसाहेब माझ्याकडं बघायला लागले. मी त्या खुणेकडं बघत होतो. माझीच खूण, खाली माझीच सही.

"चुलीवार इचार केला, साहेब," मी म्हणालो. "नावं मोजली की माहेराला आल्याली लेक सुटती. चुली मोजल्या की सुटत न्हाई."

"तुमच्या ध्यानात आलं?"

गोदावैनी काहीतरी बोलणार होती. सरू तिच्या पलीकडं भाकऱ्यांची पाटी घेऊन उभी होती. तिनं गोदावैनीकडं बघितलं. गोदावैनी गप्प बसली.

"व्हय, साहेब," मी म्हणालो. "माझ्याच."

साहेबांनी माझा हात हातात घेतला. सोललेला तळवा बघून हळहळले. ही पद्धत साऱ्या तालुक्याला लावतो म्हणाले, तुमच्या नावानं. गावानं टाळ्या वाजवल्या. सरू पुढं आली, तिनं साहेबांच्या हातावर भाकरी ठेवली, वर पिठलं घातलं. मग माझ्याकडं वळली. मी हात पुढं केला आणि भाकरी घेतली.